जुन्या संगणकाची रुजवात

अंबड, जि. जालना

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. दादांचा संगणक कधी निळा पडदा दाखवून थांबतो, कधी फाईल वाचता येत नसल्याचे कळवतो, म्हणून चेकडिस्क हा डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून तो दुरुस्त करण्याचा तुझा मनोदय वाचला आणि लागलीच उत्तर लिहावयास घेतले. कारण १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपला त्या काळातील जालन्याच्या आठवणी दादांनी त्याच यंत्रात श्रीलिपी टंकात उतरविल्या आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत आपल्या घरात कोठेही नाही. तेव्हा तूर्त चेकडिस्कला हात लावू नकोस.

डिस्कवरून वाचलेला मजकूर आधी रॅममध्ये येतो, आणि लिहावयाचा तोही तेथूनच जातो; त्यामुळे रॅमची पट्टी सदोष असेल, तर धडधाकट फाईलही बिघडलेली भासते, आणि चेकडिस्क त्या भ्रष्ट वाचनावर विसंबून केलेली 'दुरुस्ती' डिस्कवर कायमची नोंदवून टाकते. दृष्टी अधू झालेल्या कारकुनाकडूनच दप्तराची रुजवात करवावी, आणि त्याला न लागलेली अक्षरे खोडण्याचा अखत्यारही त्यालाच द्यावा, तसा हा प्रकार होय. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या त्रुटिसुधारक संकेतांच्या धर्तीवर सर्व्हरच्या रॅममध्ये उलटलेला एखादा बिट जागच्या जागी सुधारला जातो. घरगुती यंत्रात ही तजवीज बहुधा नसते आणि चूक मुकाट्याने पुढे सरकते.

म्हणून वीज तोडून डिस्क बाहेर काढ आणि यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या, निर्दोष संगणकाला जोड. रुंद चपटी केबल असेल तर ती आयडीई, अरुंद असेल तर साटा. कन्व्हर्टर त्याबरहुकूम घे. प्रथम दादांचे फोल्डर उतरवून घे. डिस्क टकटक वाजू लागली, तर तत्क्षणी बंद करून जाणकाराच्या स्वाधीन कर. प्रत हाती आल्यावर मग डिस्कच्या प्रकृतीचा स्मार्ट अहवाल पाहा: त्यातील 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर डिस्क निवृत्त करावी हे उत्तम.

रॅमचा तपास त्यानंतर. पट्टीची सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पूस, एकच पट्टी बसव आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्रभर चालू दे. लाल ओळ एकच आली तरी ती दोषच समज. पट्टी दुसऱ्या खाचेत बसवूनही दोष तिच्याबरोबर गेला तर पट्टी नासली, खाचेतच राहिला तर मदरबोर्ड. आपल्याकडील उन्हाळा आणि वरखाली होणारा वीजदाब पाहता, बोर्डावरील कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत काय, तेही टॉर्च धरून पाहा.

दुसऱ्या संगणकावर त्या फाईली उघडताच रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसेल. घाबरू नकोस, ते नुकसान नव्हे: श्रीलिपीची सांकेतिक रचना युनिकोडहून निराळी असल्यामुळे तो टंक बसविल्याविना मराठी दिसत नाही. मात्र मूळ फाईल 'सेव्ह' करू नकोस; रूपांतर करावयाचे ते प्रतीवर कर. एक पेनड्राइव्ह आत्याकडे जालन्यास ठेव, दुसरा मजकडे पाठव; मुद्रित तपासणे मी करीन.

तुझा,
काका