धावणाऱ्या मुलीचे पुढे काय करावे?

नवापूरचे रेल्वे स्थानक आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावरील हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर चार पावले चालले की राज्य बदलते. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी, तिची आई व आम्ही त्या फलाटावर सुरतेच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. मुलगी नुकतीच बारावी उत्तीर्ण झाली होती. तिला पुढे कोठे शिकावयास पाठवावे, हा प्रश्न घरच्या मंडळींनी आमच्यापुढे ठेवला होता, आणि आम्हीही तो मोठ्या उत्साहाने अंगावर घेतला होता. त्या उत्साहात आमचे कोठे चुकले, हे सांगावे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

मुलीला लांब पल्ल्याच्या धावण्याची देणगी आहे. आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी सायंकाळी मुलांच्या शर्यती होतात. चार वर्षांपूर्वी तिने मुलींची शर्यत जिंकली आणि मग हट्टाने मुलांच्याही शर्यतीत उभी राहून दुसरी आली. शाळेतील गुरुजींनी तिला हाती धरले. तीन हजार मीटरचे अंतर ती अकरा मिनिटांच्या आत धावू लागली. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत ती राज्यस्पर्धेत चौथी आली. शेतीकाम, पाणी भरणे व अभ्यास सांभाळून हे सारे चाललेले. तिचा बाप गेली पंधरा वर्षे सुरतेस उधन्याच्या भागात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतो, आणि होळी व नाताळ असे दोनदा घरी येतो.

राज्यस्पर्धेनंतर तीन वाटा समोर आल्या. उत्तरेकडील एका मोठ्या विद्यापीठाने शिक्षण, राहणे व जेवण सारे फुकट देऊ केले. नाशिकला धावपटूंच्या एका गटात सराव करावा व तेथेच महाविद्यालयात जावे, असे गुरुजींचे मत पडले. तिसरी वाट सुरतेची. तेथील एका महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनी तिला शर्यतीत पाहिले होते व एकदा भेटावयास बोलाविले होते.

आमचे मन पहिल्याच वाटेकडे ओढ घेत होते. आमच्या लहानशा धर्मग्रामातील मुलगी एवढ्या नामांकित ठिकाणी जाणार, ही गोष्ट मिस्सेनंतर सांगताना आम्हांस किती धन्यता वाटेल, याचे चित्र आम्ही मनात रंगविलेही होते. सणाच्या समितीने तिच्या सत्कारासाठी वर्गणीही जमा केली होती. तिच्या भल्याचा विचार आमच्या मनात नव्हता असे नव्हे. परंतु त्या विचारात आमचा स्वतःचा मोठेपणा किती मिसळला होता, हे आम्ही तपासून पाहिले नव्हते.

थोर धावपटूंच्या चरित्रांकडे पाहिले तर एकच एक राजमार्ग कोठेच दिसत नाही. आपल्या देशाने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो पहिला संघ पाठविला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले व 19वे आले. तो संघ पाठविण्यात सर दोराबजी टाटांचा मोठा वाटा होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना त्यांनी पाहिली व त्यांच्या मनाने घेतले की ही मुले जगापुढे गेली पाहिजेत. टाटा घराणे मूळचे सुरतेशेजारच्या नवसारीचे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आमच्या काळातील उदाहरणे घ्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत यांनी नाशिकला विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव केला. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात शिपाई झाले. वयाच्या विशीपर्यंत ते स्पर्धेचे धावपटू नव्हतेच. 2015च्या सुमारास ते सैन्यातील शर्यतींत उतरू लागले, आणि तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीतील गोपाल सैनी यांचा 1981 सालचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी 2018 साली मोडला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक लाभले. साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर प्रथम खो-खो खेळत. त्याच 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावल्या व दहाव्या आल्या. पुढे त्या महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिकारी झाल्या. आमच्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड यांचाही आरंभ खो-खोनेच झाला. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघींत त्या होत्या. डांगचेच मुरली गावित 2019 साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आले.

या मंडळींत कोणी सैन्यात घडले, कोणी शहरातील प्रशिक्षकापाशी घडले, कोणी दुसऱ्याच खेळातून आले. परंतु अठराव्या वर्षी कोणाचेही फळ पिकलेले नव्हते. लांब पल्ल्याचे धावणे सावकाश वाढणाऱ्या झाडासारखे आहे. हृदय व फुफ्फुसे वर्षानुवर्षांच्या संथ सरावाने बळावतात, हाडे व शिरा त्याहूनही सावकाश. मुलींच्या शरीरात तर सोळा ते एकोणीस या वयात असे बदल होतात की एखाद्या वर्षी वेळ सुधारण्याऐवजी मागे जाते. हे जाणणारा गुरू त्या वर्षी धीर देतो. न जाणणारा सराव दुप्पट करतो, आणि मुलगी कायमची दुखावते.

हे सारे आम्ही गाडीत तिला व तिच्या आईला सांगत होतो. सोनगड मागे पडले. व्यारा आले, तेव्हा इतका वेळ खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, “फादर, गेल्या पावसाळ्यात माझी नडगी दोन महिने दुखत होती. तिकडे मला वर्षभर धावताच आले नाही, तर ती माणसे मला ठेवतील का?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. तिची नडगी दुखत होती, हेही आम्हांस तेव्हाच कळले. त्याच पावसाळ्यात सणाच्या शर्यतीत आम्ही तिला धावावयास लावले होते आणि ती काही न बोलता धावली होती.

बारडोली येईपर्यंत आम्ही उत्तरेकडील विद्यापीठाच्या प्रतिनिधीस दूरध्वनी केला व तिचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या गृहस्थांनी सरळ सांगितले की, फीची माफी दर वर्षी कामगिरी पाहून पुढे चालू ठेवली जाते. यात त्यांची लबाडी काहीच नव्हती. ज्याचा त्याचा करार असतो. पण तो करार मुलीच्या पायांशी होता, हे आम्ही आजवर पाहिले नव्हते आणि तिने मात्र पाहिले होते.

सुरतेस उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मे महिन्यातील तेथील हवा वाचकांस ठाऊक आहे. समुद्र जवळ असल्याने घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकांनी तिला बसवून पाणी दिले आणि प्रथम विचारले, “तुला शिकायचे काय आहे?” ती म्हणाली, रसायनशास्त्र. दुसरा प्रश्न त्यांनी रक्ताचा केला. मुलीने पिशवीतून एक कार्ड काढून दिले. शाळेतील तपासणीत ती सिकलसेलची वाहक असल्याचे निघाले होते.

दक्षिण गुजरात व नंदुरबारच्या आदिवासी बांधवांत हा आनुवंशिक दोष बराच आढळतो. केंद्र सरकारने 2023 साली त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. वाहक व रोगी यांत मोठे अंतर आहे. वाहक माणूस सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो व धावूही शकतो. परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जीव तोडून धावला तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. शिक्षक म्हणाले की, हिला पहिले दोन महिने पहाटेच धावावयाचे, अंतर हळूहळू वाढवावयाचे, आणि चक्कर आली किंवा पाय जड झाले तर तत्काळ थांबावयाचे. डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून ते सराव सुरूच करणार नव्हते. मग मुलीने आपला प्रश्न त्यांनाही विचारला. ते म्हणाले, “वर्षभर धावली नाहीस, तर वर्षभर रसायनशास्त्र शीक. मैदान कुठे पळून जात नाही.”

सुरतेची वाट सोपी नव्हती. एका राज्यातील जमातीचा दाखला दुसऱ्या राज्यातील राखीव जागांसाठी सहसा चालत नाही, म्हणून तेथे तिला सवलतीवाचून फी भरावी लागणार होती. नाशिकला सवलत मिळाली असती, हवाही थंड व धावपटूंची सोबतही चांगली. परंतु तेथे खोलीचे भाडे द्यावे लागणार होते आणि घरचे माणूस जवळ कोणी नव्हते. दोन्हीकडे काही मिळत होते व काही सुटत होते.

सायंकाळी बापाच्या खोलीवर गेलो. एका खोलीत सहा कामगार, पाळीपाळीने झोपणारे. त्याने सारे ऐकून घेतले व म्हणाला, “पोरी, मी जादा पाळ्या करीन.” आई चटकन म्हणाली, “बारा तास काय कमी आहेत?” मग कोणी काही बोलेना. शेवटी मुलगीच बोलली. तिला सुरतेस राहावयाचे होते. शिक्षकांच्या उत्तराने तिचे मन निम्मे ठरले होते. निम्मे का ठरले, ते तिने बापाकडे पाहून सांगितले, “इथे असले तर रविवारी बाबांना मिस्सेला नेता येईल.”

बापाने मान खाली घातली. पाळीच्या कामामुळे कित्येक वर्षे त्याची मिस्सा सुटली होती. घरी ते सर्वांना ठाऊक होते, आम्हांस नव्हते.

गावी परतल्यावर आम्ही सणाच्या समितीची बैठक बोलाविली आणि सत्काराची वर्गणी तिच्या पहिल्या वर्षाच्या फीकडे वळवावी असे सुचविले. एकदोघांनी कुरकुर केली, कारण फलकाचा मजकूरही ठरला होता. ज्यांचे पैसे होते त्या साऱ्यांची संमती घेऊन अखेर ते ठरले. त्या रकमेने फी पूर्ण झाली नाही, परंतु बापाच्या जादा पाळ्या टळल्या.

ज्या आईबापांच्या घरी असे गुणी मूल आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मूल धावो, गावो अथवा गणितात चमको, त्याला बोलाविणाऱ्या संस्थेस तीन प्रश्न विचारा. याचा गुण वर्षभर आजारी पडला, तर तुम्ही याला ठेवाल काय? गुणाखेरीज तुम्ही याला काय शिकवाल? आणि रविवारी हा कोठे असेल? या शेवटच्या प्रश्नास लाजू नका. पुष्कळशा शर्यती रविवारी सकाळीच असतात. शनिवारच्या सायंकाळची मिस्सा त्यासाठी उपलब्ध आहे व ती विधिपूर्वक ग्राह्य आहे. व्हॅटिकनमध्येही 2019 सालापासून धावपटूंचा एक संघ आहे, तेव्हा धावणे व प्रार्थना यांचे वैर नाही हे उघडच आहे. संत पौलानेही करिंथकरांना शर्यतीचाच दाखला दिला होता, कारण त्यांच्या नगराजवळच मोठे क्रीडोत्सव भरत व विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. तो मुकुट सुकणारा आहे, ही आठवण प्रेषिताने त्यांना करून दिली. ती आठवण धावणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्यासाठी टाळ्या पिटणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनाच अधिक हवी आहे.

हिवाळ्यात तिचा दूरध्वनी आला. महाविद्यालयांच्या स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये ती सातवी आली होती. नडगी ठीक आहे, रसायनशास्त्र अवघड आहे, आणि बाबांनी पाळी बदलून घेतली आहे, असे तिने सांगितले. महिन्यातून दोन रविवार तरी ती दोघे बरोबर मिस्सेला जातात. पूर्वीच्या सवयीने आम्ही ही वार्ता वेदीवरून सांगितली असती. या वेळी आम्ही चालत तिच्या घरी गेलो व तिच्या आईला तेवढी सांगितली.