जुलाब थांबणार नाहीत, हे आधी सांग

जालना, जून

चि. ताईस,

मोहिमेत घरोघर ओआरएसच्या पुड्या वाटताना आयांना नेमकं काय सांगू, असं तू विचारलंस. आधी हे सांग, की ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत. हे कुणी सांगत नाही, म्हणूनच पुडी फळीवर पडून राहते. दोन वाट्या पाजूनही पोर हगतंच. मग ‘याचा काही गुण नाही’ म्हणत आई सलाईन लावायला निघते. पोर दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेच्या जोडीनं मीठ-पाणी ओढून घेतं, पुडीचं काम तेवढंच. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं.

पुडी नुसती देऊन येऊ नकोस, तिच्याच हातानं कालवून घे. लिटरच्या बाटलीनं मोजून तिच्या भांड्यावर खूण कर. कमी पाण्यात पुडी घट्ट झाली तर जुलाब वाढतात. उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस.

सासू शेजारी असेल तर तिच्याकडे बघून बोल. काय पाजायचं ते बहुतेक तीच ठरवते. ‘दात येतायत म्हणून होतंय,’ असं म्हणाली तर वाद घालू नकोस. ‘दात येऊ द्या, पण पाणी जातंय ना?’ एवढंच विचार.

मेडिकलवरच्या गोड पेयांबद्दलही बोल, ती ओआरएस नव्हेत. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ओआरएस छापायला बंदी आली.

शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पिणं बंद, चिमटीतून सोडलेली पोटाची कातडी हळू बसणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करायचा. पीत असेल तर वाटेतही पाजत राहायचं.

आणि दुसऱ्या दिवशी परत जा. ‘पुडी दिली का?’ असं विचारलंस तर सगळ्या ‘हो’ म्हणतील. ‘सकाळपासून लघवी कितीदा झाली?’ असं विचार.

तुझी आत्या