चालणाऱ्याची कड

मे महिना, सुट्ट्यांची गर्दी. तारकर्लीहून देवबागला जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि हा एकच रस्ता. पर्यटकांच्या गाड्या समोरासमोर आल्या की डांबर सोडून चाक खाली वाळूत घालतात. नेमकी तीच आमची चालायची जागा. आज माशांची टोपली डोक्यावर घेतलेली एक आजी गडग्याला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात टोपलीला, धुळीनं डोळे मिटलेले. रांग संपेपर्यंत ती हलली नाही. मला फार राग आला.

सुरक्षित पदपथ हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं. तो हक्क काही फक्त शहरांचा नाही. इथे फरसबंदीही नको. डांबराच्या कडेला पांढरा पट्टा, पलीकडे सपाट साईडपट्टी, शाळेपाशी गतिरोधक, एवढं तरी करा.

आणि एसटी! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासूनच प्रवास मोफत. पण गाडीच नसेल तर सवलत कुठे वापरायची? संध्याकाळची फेरी चुकली की मालवण बाजारातून रिक्षानं परतताना मासळीची कमाई भाड्यातच जाते. म्हणून जादा फेऱ्यांची मागणी मला रस्त्याइतकीच निकडीची वाटते.

ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला घेतलाय. सह्या आधी मासळी विकणाऱ्या बायकांच्या घेणार, मग सायकलनं शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या.