मुलाबद्दल एक वाक्य

एका मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायला मला बराच वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा असं माझं मत आहे. नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला माझी जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते. एमआयडीसीत कामाला आलेल्या घरांमधली मुलं बरीच. कुणाच्या घरी छत्तीसगढी बोलतात, कुणाच्या घरी बालाघाट-शिवनीकडची हिंदी, एखाद्या घरी गोंडी, आणि बाकीच्यांची आपली नागपुरी मराठी. विदर्भातल्या उन्हामुळे आमची शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पहिले काही आठवडे मी नोंदवहीत फार काही लिहीत नाही, नुसती पाहते. कोण कुणाच्या शेजारी बसतं, कुणाचा डबा झाकलेला राहतो, खडू कोण कोणत्या हातानं उचलतं, हाक मारल्यावर कोण उशिरा वळून पाहतं.

ही नोंद आमच्या कामात आली ती शिक्षण हक्क कायद्यामुळे. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. पहिली-दुसरीला 100 पैकी 70 गुण वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे आणि 30 सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे. मूल जितकं लहान, तितका रोजच्या पाहण्याचा वाटा मोठा. हे प्रमाण ज्यांनी ठरवलं त्यांना लहान मूल कळलेलं होतं. सहा वर्षांचं मूल चाचणीच्या दिवशी आई गावाला गेली म्हणून कोरा कागद देतं आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न अंगणात उड्या मारत तोंडी सोडवतं. एका दिवसाच्या कागदावर त्याचं वर्ष मोजायचं कसं?

आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आहेत. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्यातली नेहमीची. पण यादीत सगळ्यांच्या आधी आहे ते दैनंदिन निरीक्षण, आणि माझ्या मते बाकीच्या साधनांना अर्थ येतो तो त्याच्यामुळेच. अडचण अशी की पाहिलेलं लिहायचं कसं, हे फारसं कुणी शिकवत नाही. प्रगतिपत्रकावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘व्यक्तिमत्त्व गुणविशेष’ असे रकाने असतात. ते भरायला तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात. वर्गात नेहमी उत्साही असतो. अक्षर सुवाच्य काढते. गटात मिळून मिसळून काम करतो. वाचनाचा सराव आवश्यक. ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कोणत्याही मुलाच्या नावापुढे लिहिता येतात, आणि वाचून उद्या वर्गात काय करायचं ते कळत नाही. मी शिक्षकांना दोष देत नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती यांत आमची संध्याकाळ संपते. अशा वेळी तयार वाक्य हाताशी येतं ते थकव्यामुळे. पण त्याची किंमत मूल मोजतं.

दुसरीतल्या एका मुलाबद्दल आधीच्या नोंदीत होतं : ‘लेखनात लक्ष देत नाही.’ मी त्याला आठवडाभर पाहिलं. पुस्तकातला उतारा तो व्यवस्थित उतरवून घ्यायचा. फळ्यावरचं लिहायची वेळ आली की मान वाकडी करून शेजारच्याच्या वहीत बघायचा आणि मग शब्द गाळायचा. मी लिहिलं : ‘पुस्तकातून पाहून बरोबर लिहितो, फळ्यावरचं उतरवताना शेजारच्या वहीत पाहतो, डोळे बारीक करतो.’ हे वाक्य झाल्यावर पुढं काय करायचं ते विचारावंच लागलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा त्याला पुढं केलं, डोळे तपासले, चष्मा लागला. तोवर त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ‘लक्ष देत नाही’ हा निकाल होता, आणि निकाल लागला की माणूस पाहायचं थांबतो. नोंदीत निकाल नको. मुलानं काय केलं, केव्हा केलं आणि कुठं अडलं, एवढं पुरतं.

गणितात हे आणखी स्पष्ट दिसतं. 52 मधून 38 वजा केले की एक मुलगी 26 उत्तर लिहायची. दहापैकी बहुतेक उदाहरणं चूक, म्हणजे गुणांच्या हिशेबानं ती ढ. पण तिच्या चुका सगळ्या एकाच जातीच्या होत्या. 2 मधून 8 जात नाहीत, म्हणून ती 8 मधून 2 काढायची. दशकाचा गठ्ठा सोडायचा असतो हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणजे एकच गोष्ट शिकायची राहिली होती. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून तिला दुकान मांडायला दिलं. ‘आता सुट्ट्या काड्या पुरत नाहीत, काय करशील?’ असं विचारल्यावर तिनं आपणहून रबर काढलं. त्या दिवशीची नोंद : ‘गठ्ठा सोडून वजाबाकी करते, वहीत मांडताना अजून विसरते.’ तिला कोणती श्रेणी द्यायची हा प्रश्न माझ्या दृष्टीनं दुय्यम होता.

संख्यांचीही अशीच एक अडचण आहे. ‘त्रेपन्न’ ऐकून मूल 35 लिहितं, कारण कानावर तीन आधी पडतात. 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीनं तो पर्याय दिला होता, जुनी नावं काढून टाकली नव्हती. ज्यांनी वर्गात बसून लहान मुलांचे उलटे आकडे पाहिलेत त्यांना त्यामागचा विचार कळतो. माझ्या वर्गात दोन्ही वाचनं चालतात, आणि कोण कोणत्या वाचनानं बरोबर लिहितं ते मी टिपून ठेवते.

सर्वांगीण विकास म्हटलं की भाषा-गणिताबाहेरचं सगळं आठवतं, आणि तिथंच सर्वांत जास्त तयार वाक्यं लिहिली जातात. खरं तर तिथं पाहण्यासारखं जास्त असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. ज्याच्या घरी लाकडी नंदी नव्हता अशा एकानं पुठ्ठ्याचा केला आणि त्याला बाटलीच्या झाकणांची चाकं बसवली. चाकं फिरेनात. त्यानं खिळा काढून तार घातली, झाकणाचं भोक मोठं केलं. हे सगळं त्यानं सुटीत शाळेच्या पायरीवर केलं, कुणी सांगितलं नव्हतं. तोच मुलगा वाचनात मागं होता. त्याच्या पानावर मी तार आणि भोकाची गोष्ट जशीच्या तशी लिहिली, आणि त्याचं पहिलं वाचनपुस्तक त्याच्याच नंदीवर तयार केलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेले : ‘हा माझा नंदी. याले चार चाकं आहेत.’ ‘याले’ मी बदललं नाही. आपण बोललेलं कागदावर उतरतं, हे त्याला आधी दिसायला हवं होतं. ‘याला’ नंतर येतं.

पहिलीतली एक छत्तीसगढी मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात बोललीच नाही. ‘अबोल आहे’ असं कुणीही लिहिलं असतं. पण पोषण आहाराच्या रांगेत ती धाकट्यांना ताट कसं धरायचं ते समजावत असे, आपल्या भाषेत, चांगली ठसक्यात. म्हणजे तिला सांगता येत होतं, सूचनांचा क्रम लावता येत होता, लहान मुलाची अडचण ओळखता येत होती. मराठी यायची होती, ती येणारच होती. मी तिला चित्रावरची गोष्ट छत्तीसगढीत सांगायला लावली. दोन्ही भाषा येणारी एक मैत्रीण मराठीत सांगायची. काही दिवसांनी मैत्रिणीचं मराठी चुकलं तेव्हा हिनंच ते दुरुस्त केलं.

अलीकडे वाचनाचा वेग मोजावा लागतो. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आहेत. मोजायला माझी हरकत नाही, अडखळणारं मूल त्यातून लवकर लक्षात येतं. मात्र आकड्याशेजारी मी एक ओळ लिहितेच : कुठं थांबली आणि का. काही मुलं चित्र पाहायला थांबतात, काही एखादा शब्द पटत नाही म्हणून मागं जातात. असं थांबणं म्हणजे वाचनच आहे.

परीक्षेपलीकडे पाहण्याचा विचार आमच्या भागात नवा नाही. नागपूरहून वर्धा 75 किलोमीटरवर. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला तिथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून नई तालीम, म्हणजे सूतकताईसारख्या हातकामातून शिक्षण, उभी राहिली, आणि चालू परीक्षापद्धतीवर त्या अहवालात कडक टीका होती. मला त्यातलं सूत महत्त्वाचं वाटतं. टकळीवर धागा तुटला की मुलाला त्याच क्षणी कळतं. शिक्षकाला सांगावं लागत नाही आणि वर्षाअखेरपर्यंत थांबावंही लागत नाही. कामच मुलाला त्याचं उत्तर देतं. मी वर्गात अशी कामं शोधत असते. तराजू, कागदाची होडी, रोपाची वाढ मोजायची पट्टी. होडी बुडाली की मूल पुन्हा घडी घालायला बसतं, माझ्याकडे बघत नाही.

आता समग्र प्रगती पत्रक आलं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मधली ही कल्पना. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचा सोबती आणि पालकही मत नोंदवतात. मला हे मनापासून आवडतं. फक्त लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवानं कळली : हसरा, साधा आणि रडका असे तीन चेहरे समोर ठेवले की पहिलीचं मूल नेहमी हसरा रंगवतं, कारण तो सुंदर दिसतो. म्हणून मी विचारते, ‘आजचं कोणतं काम उद्या परत करायचं?’ याचं उत्तर मुलं विचार करून देतात. एकानं सांगितलं होतं, ‘मॅडम, ते घड्याळाचं. मले येते, पण लवकर नाही येत.’ स्वयंमूल्यमापन याहून नेमकं काय असणार?

पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘किती टक्के पडले?’ पाळी संपवून थेट शाळेत आलेल्या आईला मी श्रेणीचा तक्ता समजावत बसत नाही. जुलैतली वही आणि डिसेंबरातली वही शेजारी ठेवते. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही फरक दिसतो. ती बोटानं ओळी पुढं सरकवत जाते आणि मग स्वतःच घरातलं काहीतरी सांगते, जे मला ठाऊक नसतं. 2023-24 पासून पाचवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, त्यामुळे पहिलीच्या पालकांच्या मनातही पास-नापासची धास्ती आहे. त्यांना मी सांगते की आत्ता गठ्ठे, गोष्टी आणि गप्पा भक्कम झाल्या तर पाचवीच्या परीक्षेत भिण्यासारखं काही उरणार नाही. हे त्यांना बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मला तसं खरंच वाटतं.

आमची काही मुलं वर्षाच्या मध्येच जातात. वडिलांचं काम संपतं, बिऱ्हाड उठतं, दाखला मागायला आई येते. दाखल्यावर जन्मतारीख असते, प्रगतिपत्रकावर श्रेणी असते. नोंदवही मात्र शाळेतच राहते. म्हणून मी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दाखल्याला जोडते. पुढच्या शिक्षकाला उपयोगी पडेल एवढंच त्यात असतं. वजाबाकी गठ्ठ्यांवर येते, अंकांवर अजून नाही. सगळ्यांसमोर विचारलं तर गप्प होते, जवळ जाऊन विचारलं तर सांगते. घरी छत्तीसगढी बोलतात, आजी गोष्टी सांगते. डाव्या हातानं लिहिते, बदलू नका. समग्र प्रगती पत्रकात अशा अर्ध्या पानाला जागा हवी, आणि ते मुलाबरोबर गेलंच पाहिजे असा नियम हवा, हे मी आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत दरवेळी मांडते आणि यापुढेही मांडणार आहे.