वास येतो का?

भाषांतराची खोड आम्हांला सेमिनरीत लागली. एकेका ग्रीक शब्दावर तास घालवणारे गुरुजन तेथे लाभले, आणि पुढे उपासनेच्या पुस्तकांची मुद्रिते तपासता तपासता केस पिकले. त्यामुळे 2023 च्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी बावीस ओळींचा कागद पुढे केला, तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, हे एका दुपारचे काम. त्यास सात महिने लागले.

तो कागद ‘स्नॉट-22’ या प्रश्नावलीचा होता. सायनसचा आजार बारा आठवडे रेंगाळला की त्यास जुनाट म्हणतात. दुर्बीण आणि सी.टी. स्कॅन सूज दाखवतात. रुग्णाचे हाल त्यांत दिसतातच असे नाही. म्हणून त्यालाच विचारायचे. शिंका, चेहऱ्यावरील ठणका, तुटलेली झोप, उदासी, प्रत्येकाचा गेल्या दोन आठवड्यांतील त्रास 0 ते 5 गुणांत सांगायचा. बेरीज 110 पर्यंत जाते. जितकी मोठी तितका त्रास अधिक. मूळची अमेरिकन प्रश्नावली वीस प्रश्नांची. चोंदलेले नाक आणि हरपलेला वास हे दोन प्रश्न तीत घातले गेले, आणि ब्रिटनमध्ये घेतलेली तिची कसोटी 2009 साली प्रसिद्ध झाली. बेरीज सुमारे 9 गुणांनी उतरली तर रुग्णास खरोखर बरे वाटते, असे तीत आढळले. हक्क सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे. परवानगी बाईंनी आधीच आणली होती.

‘शेंबूड’ लिहिताना आमची लेखणी अडखळली. आम्ही ‘नासास्राव’ लिहिले. बाई हसल्या. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या एका शिक्षकांनी आमची मराठी पुन्हा इंग्रजीत नेली, तेव्हा आमचे पांडित्य उघडे पडले. संकोचासाठी आम्ही ‘लाज’ म्हटले होते. ते अपराध्याची शरम होऊन परतले. ‘उत्पादकता’ परतली धडधाकट, पण एका वाडीवाल्याने विचारले, “कसली फादर, केळीची?” तेथे ‘हातून काम कमी होणे’ आले.

आणि मग ती मोगरेवाली आजी. तीस वर्षे पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणारी. तिच्या परवानगीने लिहितो. अक्षरओळख बेताची, म्हणून प्रश्न आम्ही वाचून दाखवत होतो. “आजी, वास येतो का?” ती दुखावली. “नाय हो फादर, रोज आंघोळ करून येते मी!” आमच्या मराठीत वास नाकाला येतो आणि अंगालाही येतो, हे अर्धे आयुष्य व्यासपीठावर बोलूनही आमच्या ध्यानात आले नव्हते. ‘वास किंवा चव न कळणे’ अशी दुरुस्ती झाली.

प्रश्न सुधारला, तरी तिचे उत्तर शून्यच. झोप? शून्य. उदासी? “देवाच्या दयेनं बरं आहे, फादर.” शून्य.

अशा कसोटीत, उपचार न बदलता, तीच माणसे थोड्या दिवसांनी पुन्हा तपासतात. उत्तरे जुळली तर प्रश्नावली भरवशाची. दुसऱ्या खेपेस आम्ही एका अंत्यविधीला गेलो होतो, नर्सने वाचले. वासाला 5. उदासीला 4. मोगरा शिळा झाला की ताजा, हे ती दोन वर्षे नातीला विचारून गिऱ्हाइकाला सांगत होती.

डॉक्टरबाईंना वाटले, मराठी फसली. आम्ही कागद पुन्हा पुन्हा वाचला. शब्दांत खोट नव्हती. अकरा वर्षे दर रविवारी ती आमच्या हातून प्रसाद घेत आली, आम्ही “कशी आहेस?” विचारत आलो, आणि तिचे उत्तर खरे मानत आलो. पांढऱ्या झग्यासमोर तक्रार करायची नाही, हे तिला कोणी शिकवले असेल?

तिचे पहिले गुण बाद ठरवून कसोटी नव्याने घेतली. त्यानंतर रुग्ण आत उत्तरे देत असताना आम्ही बाहेर चिंचेखाली बसलो, आणि वाचण्याचे काम नर्सकडेच राहिले.