बरणीतला मासा

“बेट्टा बरणीतही जगतो,” दुकानदार म्हणाला आणि मला ते सोयीचे वाटले. कल्ल्यांखेरीज या माशाला पृष्ठभागावरची हवा घेणारा अवयव असतो. थायलंडमधल्या उथळ, संथ पाण्यात तो त्यावर तगतो. एके सकाळी बरणीत बुडबुड्यांचे घरटे दिसले. स्वारी रमली, असा अर्थ मी (मराठीच्या मास्तराला शोभेल अशा घाईने) लावला. नर ते अंड्यांसाठी बांधतो, मादी नसतानाही, हे नंतर वाचले. तोवर मलमूत्राने पाणी बिघडून त्याच्या परांच्या कडा झिजू लागल्या होत्या. मग 20 लिटरची टाकी आणली, क्लोरीन काढलेले पाणी भरले, तापमान 26 अंशांवर ठेवले. पहिले काही दिवस तो एका कोपऱ्यात, बरणीच्याच घेराएवढे वर्तुळ घालत राहिला.