बंद गाडीचा करंट

किल्ली काढून, दारं लावून उभी केलेली गाडी पूर्ण बंद कधीच नसते. घड्याळ चालू असतं, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर जागा असतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही आपली स्मृती राखायला थोडी वीज लागते. आजच्या गाडीनं यासाठी 50 मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतला तर त्यात वावगं काही नाही. त्याहून जास्त जाऊ लागला की बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते, आणि ज्या सकाळी स्टार्टर फिरत नाही त्या सकाळी सगळा ठपका तिच्यावर येतो. हा अन्याय मी लहानपणापासून बघत आले आहे.

मिरजेत आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. हिवाळ्यात ती सकाळी हमखास अडून बसायची. बाबा स्टिअरिंगवर, आम्ही आणि गल्लीतली पोरं मागे. गाडीनं जरा वेग घेतला की बाबा क्लच सोडायचे आणि ती धुराचा लोट सोडत सुरू व्हायची. बॅटरीची निगा हा रविवारचा कार्यक्रम असे. झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर साचलेला हिरवट-पांढरा थर गरम पाण्यानं धुवायचा, वर व्हॅसलीन लावायचं. सहा घरं, प्रत्येक घराचे दोन व्होल्टच्या थोडे वर, मिळून बारा, हे गणित मला शाळेच्या आधी बॅटरीनं शिकवलं. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल ही तिची मूळ रचना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची, 1859 सालची. पुढे 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, हातानं हँडल फिरवण्याचे कष्ट संपले आणि गाडी सुरू करण्याचा भार बॅटरीवर पडला.

तरीही बॅटरी वरचेवर उतरू लागली की बाबा गाडी सतारमेकर गल्लीजवळच्या वायरमन काकांकडे न्यायचे. काकांनी पाहिल्या पाहिल्या ‘बॅटरी गेली’ असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते आधी हायड्रोमीटर काढायचे, रबरी फुगा दाबून एकेका घरातलं आम्ल काचेच्या नळीत ओढायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. बाराशे साठ म्हणजे भरलेली. पाच घरं चांगली आणि एकच खाली असेल, तर दोष बॅटरीचा. सहाही घरं सारखीच खाली असतील तर ती निर्दोष आहे. एक तर तिला चार्जिंग मिळत नाही किंवा गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय.

मग टेस्ट लॅम्प. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये छोटा बल्ब जोडायचा. सगळं बंद असूनही बल्ब पेटला, तर गळती आहे. एकेक फ्यूज काढत जायचं; जो काढल्यावर बल्ब विझेल त्या वाटेवर चोर. कधी गंजलेला दाराचा स्विच निघे, कधी हौसेनं बसवलेला जादा हॉर्न. त्या वेळी मला ही जादू वाटायची. आज वाटतं की त्यात जादूपेक्षा मोठी गोष्ट होती. मोजल्याशिवाय कुणालाही दोषी ठरवायचं नाही, हा त्या माणसाचा शिरस्ता होता.

पुण्यात माझ्या गाडीवर हाच प्रसंग आला. रोज चालवली तर काही तक्रार नाही, चार दिवस उभी राहिली की स्टार्टरची नुसती टकटक. एका पहाटे आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी हलली नाही. रिक्षा मिळाली म्हणून निभावलं. गॅरेजनं बॅटरी बदलून दिली. तीही तशीच उतरली. तेव्हा मी मल्टिमीटर आणला.

आताच्या गाड्यांत बल्बची युक्ती पुरत नाही. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या खाचेत घालून तो निगेटिव्ह टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडावा लागतो. जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं मिटवायचं, म्हणजे दार बंद आहे असं गाडीला वाटतं. मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं. गाडीतले छोटे कॉम्प्युटर झोपी जायला कधी काही मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. त्याआधीचा आकडा खरा नसतो. पार्किंगमध्ये स्टुलावर बसून मी तो उतरताना बघितला, आणि तो 0.21 वर थांबला. दिवसाला 5 अँपिअर-तास. माझी बॅटरी 35 ची, म्हणजे आठवड्यात पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकणार. रांजणाच्या बुडाला केसाएवढी चीर असावी, तसं.

फ्यूज उपसला की काही गाड्यांत झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन धातूच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजत गेले. जिथे शून्याऐवजी काही दिसलं, तो फ्यूज आतला दिवा आणि म्युझिक सिस्टिम यांचा होता. दिवा विझलेलाच होता. सिस्टिम बाहेर ओढली. बसवणाऱ्यानं तिची लाल वायर, जी किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी, ती पिवळ्या कायम-चालू वायरीलाच जोडली होती. बटण दाबून बंद केली तरी ती अर्धी जागीच राहायची. लाल वायर योग्य जागी गेली आणि मीटर 0.03 वर आला.

बॅटरी वारंवार तळाला गेली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची ताकद कायमची घटते. गळतीनं मारलेली बॅटरी शेवटी खरोखरच खराब होते, आणि मग तिच्यावरचा आरोप सिद्ध झाल्यासारखा दिसतो. अशा प्रत्येक बॅटरीत काही किलो शिसं असतं. उघड्या भट्ट्यांत ते वितळवलं जातं तेव्हा आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतं. जुनी बॅटरी परत घेण्याचे नियम आपल्याकडे 2001 पासून आहेत, पण मुळात जी बदलायलाच नको होती तिचं काय?

म्हणून माझी विनंती आहे. बॅटरी लागोपाठ उतरू लागली तर दुकानात जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बंद गाडीचा करंट मोजायला सांगा, आणि आकडा विचारून घ्या. तो 50 मिलिअँपिअरच्या आत असेल आणि चालत्या इंजिनावर 14 व्होल्टच्या आसपास चार्जिंगही मिळत असेल, तर बॅटरीची तपासणी करून ती खुशाल बदला. आकडा त्याहून बराच जास्त असेल, तर आधी गळती शोधायला लावा.